आखातातून आलेले रंग

कोकणातल्या मुस्लिम घरांत रंगीत टीव्ही दोन वाटांनी आला. एक वाट दिल्लीची. १९८२ साली स्वातंत्र्यदिनी दूरदर्शनने रंगीत प्रक्षेपण सुरू केले, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दिल्लीत आशियाई खेळ झाले आणि देशभर रंगीत टीव्हीची मागणी वाढली. दुसरी वाट आखाताची. दुबई, शारजा, कुवेत, सौदीत राबणारा माणूस दोन-दोन वर्षांनी सुट्टीवर यायचा, तेव्हा त्याच्या सामानात सुतळीने करकचून बांधलेला एक मोठा खोका असायचा. खोक्यावर जाड अक्षरांत त्याचे नाव, गाव, तालुका, जिल्हा. खेड, दापोली, चिपळूण, मंडणगड, श्रीवर्धन या भागांतल्या अनेक मोहल्ल्यांनी असे खोके उतरताना पाहिले आहेत.

आम्ही दोघे भाऊ गेली नऊ वर्षे या दुसऱ्या वाटेने आलेले टीव्ही गोळा करतो आणि दुरुस्त करतो. थोरला आयटीआय झालेला, वायरिंगची कामे करतो. धाकटा शाळेत शिकवतो. आज आमच्या पडवीत चौदा टीव्ही आहेत, त्यांतले नऊ चालतात. पाहुणे विचारतात, "हे भंगार कशाला जमवता?" अम्मीही विचारते, फक्त ती जरा मोठ्या आवाजात विचारते. प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर सविस्तर देतो.

आमचे मरहूम अब्बा शारजात एका बांधकाम कंपनीत सुतार होते. १९८४ च्या सुट्टीत त्यांनी वीस इंची नॅशनल आणला. त्यासाठी ते किती महिने ओव्हरटाइम करत होते, हे त्यांनी कधी सांगितले नाही. अम्मीने त्यावर क्रोशाचे कापड घातले. दादांना, म्हणजे अब्बांच्या वडिलांना, टीव्ही मुळीच पसंत नव्हता. त्यांनी दोन अटी घातल्या. अजान झाली की टीव्ही बंद आणि मगरिबनंतर आधी मुलांचा सबक. या अटी शेवटपर्यंत पाळल्या गेल्या. दादा स्वतः मात्र बातम्यांच्या वेळी आपली खुर्ची हळूच दारापाशी आणत.

१८ एप्रिल १९८६ हा दिवस आमच्या घरात अजून निघतो. शारजात भारत-पाकिस्तान अंतिम सामना होता. वार शुक्रवार, आखातात सुट्टीचा. अब्बा आपल्या खोलीवरच्या माणसांबरोबर मैदानावर जाणार असल्याचे पत्र आधीच आले होते. जावेद मियाँदादने शेवटच्या चेंडूवर षटकार मारला, सारा मोहल्ला हळहळला. आम्ही दोघे मात्र दिवसभर खेळ कमी आणि प्रेक्षक जास्त पाहत होतो. कॅमेरा गर्दीवरून फिरला की काचेला नाक लावून पांढरा शर्ट शोधायचो. पांढरे शर्ट शेकड्यांनी होते. अब्बा काही दिसले नाहीत. पण ते त्या काचेच्या पलीकडे कुठेतरी आहेत, एवढे आम्हाला पक्के ठाऊक होते.

तेव्हापासून टीव्ही ही आमच्यासाठी नुसती करमणुकीची वस्तू राहिली नाही. वडील घरी नसण्याच्या वर्षांची ती एकमेव मोठी, जड, डोळ्यांना दिसणारी खूण होती. पैसे खर्चून गेले, घराचे छप्पर दोनदा बदलले, पत्रे वाळवीने खाल्ली. टीव्ही राहिला.

आखातातले हे टीव्ही इथल्या टीव्हींपेक्षा थोडे वेगळे असत. जगात रंगीत प्रक्षेपणाच्या तीन पद्धती होत्या. अमेरिका आणि जपानची एनटीएससी, जर्मनीत तयार झालेली पाल आणि फ्रान्सची सेकाम. भारताने पाल घेतली. अमिरात आणि कुवेतही पालवर होते, पण शेजारच्या सौदीत तेव्हा सेकाम होती. त्यामुळे आखाती बाजारात तिन्ही पद्धती ओळखणारे टीव्ही विकले जात. त्यांच्या पाठीमागे किंवा पुढच्या झाकणाआड पद्धत बदलण्याचे एक बटण असते. पडवीतल्या एका टीव्हीवर ते बटण सेकामवरच अडकून होते. मालक म्हणाले, "वीस वर्षं काळा-पांढराच दिसायचा, आम्हाला वाटलं रंग संपले." बटण साफ करून पालवर सरकवले आणि रंग परत आले. इतकी सोपी दुरुस्ती आमच्या वाट्याला पुन्हा आलेली नाही.

बाकीच्या दुरुस्त्या चिकाटीच्या असतात. कोकणची हवा या यंत्रांची वैरी. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने पिना गंजतात, चार महिन्यांच्या पावसात भुशाच्या फळीचे कॅबिनेट फुगते. आत पालीची अंडी, कुंभारीण माशीची मातीची घरे आणि झुरळांची वसाहत हमखास सापडते. मागचे झाकण उघडले की आधी ट्यूबमध्ये साठलेला विजेचा भार जमिनीत उतरवायचा. रंगीत पिक्चर ट्यूबला वीस ते पंचवीस हजार व्होल्ट लागतात आणि प्लग काढल्यावरही त्यातले बरेच आत टिकून राहू शकतात. म्हणून हौस म्हणून कोणी झाकण उघडू नये, ही आमची कळकळीची विनंती.

मग ब्रशने धूळ काढायची. फुगलेले कंडेन्सर बदलायचे. जिथे सोल्डर सुकून भेगाळले आहे, तो सांधा भिंगातून शोधून नव्याने डाग द्यायचा. यानंतरही टीव्ही थेट वीजेवर लावायचा नाही. आम्ही शंभर वॉटचा साधा पिवळा बल्ब मध्ये, सिरीजमध्ये जोडतो. बल्ब एकदा लखकन पेटून मंद झाला तर शुभशकुन. तो पेटलेलाच राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे, पुन्हा झाकण उघडा. त्या दोन सेकंदांत आम्ही दोघे एकमेकांकडे न बघता बल्बकडे बघत असतो.

सारे जुळले की आधी 'धुंम' असा आवाज येतो. पडद्याच्या मागची लोखंडी जाळी चुंबकाच्या असरातून मोकळी करणारी तारेची वेटोळी त्या क्षणी काम करते. नंतर एक अगदी बारीक शिटी सुरू होते. पडद्यावरचे चित्र ६२५ ओळींचे, सेकंदाला पंचवीस वेळा काढले जाते, म्हणजे सेकंदाला १५,६२५ ओळी. शिटी तेवढ्याच कंपनांची असते. वय वाढले की कान हा सूर सोडून देतात. आम्हाला आता तो ऐकू येत नाही. पुतणी मात्र स्वयंपाकघरातून ओरडते, "चाचा, चालू झाला!" आमचे तपासणीचे सर्वांत भरवशाचे यंत्र तीच आहे.

सगळे सुटे भाग मिळतात, नाहीतर जुळवता येतात. पिक्चर ट्यूबचे तसे नाही. सोनीची ट्रिनिट्रॉन घ्या, १९६८ साली आलेली. तिच्यात रंगांच्या ठिपक्यांऐवजी उभ्या पट्ट्या असत आणि काच फक्त आडवी वळलेली असे. आखातातून ट्रिनिट्रॉन आणणाऱ्याचा मोहल्ल्यात वेगळाच मान होता. पण ट्रिनिट्रॉन असो की दुसरी कोणती, टीव्हीच्या रंगीत ट्यूब बनवणारे कारखाने आता जवळपास सगळे बंद झाले. ट्यूबच्या मानेत तीन बंदुका असतात, लाल, हिरव्या आणि निळ्या रंगाची. वापरून वापरून त्या थकतात. एखादी थकली की चित्राचा चेहरा बदलतो.

याच अडचणीतून आलेला एक टीव्ही आम्हाला खूप काही शिकवून गेला. शेजारच्या गावातले एक खालू कुवेतमध्ये ड्रायव्हर होते. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या आणि तिथल्या आपल्या लोकांचे होत्याचे नव्हते झाले. पुढच्या दोन-अडीच महिन्यांत सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना जॉर्डनच्या अम्मानमार्गे विमानांनी मायदेशी आणले गेले. खालू त्यांतले एक. इराकमधून बसने अम्मान, तिथे तंबूत दिवस काढून मुंबई. बारा वर्षांची कमाई तिकडे राहिली, हातात फक्त एक पिशवी. ते पुन्हा कधी गेले नाहीत, गावातच किराणा दुकान टाकले. कुवेतच्या वर्षांचे त्यांच्या घरात जे काही उरले, ते १९८८ च्या सुट्टीत आणलेल्या टीव्हीपुरते.

तीन वर्षांपूर्वी खालूंचे इंतकाल झाले. घराला रंग काढायचा होता, माळा रिकामा करायचा होता. भंगारवाल्याने टीव्हीचे इतके कमी पैसे सांगितले की त्यांच्या मुलीला ते ऐकवेनात. तिने आम्हाला फोन केला. म्हणाली, "दुकानातून नवा कधीही आणता येईल. अम्मीसाठी हा एकदा पेटवून द्या."

आम्ही सतरा कंडेन्सर बदलले. ट्यूबला उच्च दाब पुरवणारा ट्रान्सफॉर्मर, ज्याला मेकॅनिक ईएचटी म्हणतात, चिरलेला होता. पावसाळी हवेत त्यातून निळी ठिणगी उडायची. तो दुसऱ्या एका मेलेल्या टीव्हीतून काढून बसवला. टीव्ही चालू झाला, पण लाल बंदूक थकलेली. माणसांचे चेहरे आजारी, हिरवट-निळे. थकलेल्या बंदुकीला काही क्षण जास्त दाब देऊन ताजी करण्याची एक रीत मेकॅनिकांत आहे. कधी त्याने ट्यूब आणखी काही महिने, कधी वर्षेही चालते. कधी ती जागच्या जागी मरते. हा निर्णय आमचा नव्हता. वस्तू अमानत होती. आम्ही खालांकडे गेलो आणि दोन्ही शक्यता त्यांच्यापुढे ठेवल्या.

खाला म्हणाल्या, "तांबडं कमी दिसलं तर दिसू दे, बाबांनो. त्यांनी आणलेली काच आहे तशी राहू दे."

मग आम्ही उलट वाट धरली. लाल वाढवता येत नाही, तर हिरवा आणि निळा त्याच्या बरोबरीला खाली आणले. चित्र मंद झाले, पण माणसांच्या चेहऱ्याला माणसांचा रंग आला. दिवसा ते नीट दिसत नाही. इशानंतर खोलीतले दिवे मालवले की छान दिसते.

त्यांच्याकडे १९८८ सालच्या एका लग्नाची व्हिडिओ कॅसेट होती. तिला बुरशी लागलेली. फीत साफ करायला दोन रविवार गेले. ईदच्या दुसऱ्या रात्री दिवे मालवून आम्ही ती लावली. मांडवाच्या तोंडाशी सफारी सूट घातलेले चाळीशीतले खालू पाहुण्यांचे हात हातात घेत उभे होते. खाला काही बोलल्या नाहीत. कॅसेट संपल्यावर म्हणाल्या, "जरा मागे घे." ती रात्री चार वेळा मागे घेतली गेली.

आता अम्मीच्या प्रश्नाकडे. हा इसराफ नाही का? याचा आम्ही खूप विचार केला आणि काही नियम ठरवले. टीव्ही विकत घेण्यासाठी मोठी रक्कम मोजायची नाही. घरच्या खर्चातला पैसा वापरायचा नाही. चौदाच्या वर संख्या जाऊ द्यायची नाही. नवा आला तर एक कोणाला तरी द्यायचा. आणि ज्याचा टीव्ही आहे त्याचे घर तो परत घ्यायला तयार असेल, तर आधी त्या घरी. आतापर्यंत सहा टीव्ही असे आपापल्या घरी गेले. जुना टीव्ही आज चालतो कसा, हेही लोक विचारतात. दूरदर्शनचे जमिनीवरचे जुने ॲनालॉग ट्रान्समीटर जवळपास सगळे बंद झाले, त्यामुळे अँटेनाचा उपयोग उरला नाही. फ्री डिशचा बॉक्स आणि केबलवाले वापरायचे तसा एक छोटा मॉड्युलेटर जोडला की अँटेनाच्या भोकातून चित्र आत जाते.

ज्यांच्या माळ्यावर असा टीव्ही पडून आहे, त्यांना दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. ठेवायचा नसेल तर तो रस्त्यावर किंवा ओढ्यात टाकू नका आणि मुलांना काच फोडू देऊ नका. ट्यूबच्या काचेत शिसे असते. तांब्यासाठी मान फोडून उरलेली काच ओढ्याकाठी टाकलेली आम्ही पाहिली आहे, त्याच ओढ्याचे पाणी गुरे पितात. ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्या. आणि ठेवा किंवा द्या, त्याआधी घरातल्या बुजुर्गांना एकदा त्याच्याजवळ बसवा. कुठून आणला, कोणत्या साली, तेव्हा काय काम करत होता, खोलीत किती जण राहत होता, हे विचारा. एरवी न सांगितलेल्या गोष्टी त्या खोक्याकडे बघत सांगितल्या जातात, असा आमचा अनुभव आहे.

आम्ही दुरुस्त केलेल्या प्रत्येक टीव्हीच्या झाकणाच्या आत एक कागद चिकटवतो. त्यावर आणणाऱ्याचे नाव, शहर, साल आणि तिथले काम लिहिलेले असते. पुढे कोणी झाकण उघडेल, त्याला कंडेन्सरच्या आधी तो कागद दिसेल.