जोड

ओतूरच्या कपर्दिकेश्वराची श्रावणी सोमवारची यात्रा जवळ आली, की जुन्नर-आंबेगावच्या तालमींत पोरं वाढतात. यात्रा सरली, की आखाडा पुन्हा ओस. मंचरकडच्या एका जुन्या वस्तादांना याची सवय आहे. यंदा त्यांना घोर लागला तो वेगळाच. त्यांच्या बिनीच्या पैलवानाचा जोड, म्हणजे रोज सरावाला अंगावर घेणारा जोडीदार, तालीम सोडून चाकणला कामाला लागला.

पट काढणाऱ्याचं नाव मैदानात पुकारलं जातं. ज्याच्यावर तो रोज पट काढून शिकला, त्याचं काय? हा पोरगा पडायचा, लंगोट सावरून पुन्हा उभा राहायचा. तो गेला आणि बिनीच्या पैलवानाची ढाकही सैल पडली. अंगावर येणाराच नसेल, तर डाव मुरणार कुणावर?

नव्या जोडाला वस्तादांनी आधी इनामातला वाटा कबूल केला. पोरगं इनामाच्या कुस्तीपुरतं झटायचं, एरवी अंग चोरायचं. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी यांना १९७१च्या प्रयोगात असंच काहीसं दिसलं होतं. कोडी सोडवण्याचे पैसे मिळालेले विद्यार्थी पैसे थांबताच कोड्यांकडे कमी वळले. पुढे मानसशास्त्रज्ञ जॉन निकोल्स यांनी माणसाच्या मनातली दोन मापं वेगळी केली. आपण दुसऱ्यापेक्षा सरस आहोत का, हे एक. कालच्यापेक्षा सुधारलो का, हे दुसरं. रोज पडणाऱ्याला पहिल्या मापात काहीच मिळत नाही.

म्हणून वस्ताद आता जोडाला विचारतात, ‘‘आज पट किती वेळ अडवलास?’’ बिनीच्या पैलवानाला ते खालून कुस्ती सुरू करायला लावतात. त्याच्या वडिलांना हे पसंत नाही. वस्तादांचीही पंचाईत होते, कारण मैदान जवळ आलं की त्यांची नजर जिंकणाऱ्यावरच खिळते. हलगी कडाडली आणि निवेदकानं ‘अमक्या वस्तादांचा पठ्ठ्या’ म्हटलं, की त्यांची छाती फुगते. हे ते स्वतःच हसत सांगतात.

पुण्याच्या मोठ्या संकुलांवर त्यांचा राग आहे. गावांनी घडवलेली पोरं तिकडे जातात, असं त्यांचं म्हणणं. पण ७ जानेवारी २०२०चा विषय निघाला, की आवाज खाली येतो. बालेवाडीत महाराष्ट्र केसरीच्या अंतिम लढतीत हर्षवर्धन सदगीर आणि शैलेश शेळके समोरासमोर होते. एक गादीवरून आलेला, दुसरा मातीवरून, आणि दोघेही पुण्यातल्याच कात्रजच्या संकुलात वस्ताद काका पवारांच्या हाताखाली तयार झालेले. सदगीरनं ३-२ अशा गुणांनी गदा जिंकली आणि शेळकेला खांद्यावर घेतलं. सदगीर शेजारच्या अकोले तालुक्यातला, त्यामुळे या कुस्तीचा विषय इकडे अजून निघतो. त्या तालमीतला हरलेलाही राज्यात दुसरा होता, ही गोष्ट वस्तादांच्या मनातून जात नाही.

चैत्रातल्या यात्रांसाठी फ्लेक्स छापायला टाकलाय. बिनीच्या पैलवानाचा आणि जोडाचा फोटो एकाच मापाचा हवा, असं त्यांनी छापणाऱ्याला बजावलंय. स्वतःचा मात्र दोघांच्या वर, कोल्हापुरी फेट्यासकट.