मामांच्या हौदाचा सांडवा

सातारा आणि समुद्र यांच्यामध्यें सह्याद्रि उभा आहे. कुंभार्ली घाट उतरून चिपळूण गांठावें आणि तेथूनही पुढें खाडीच्या कडेनें जावें, तेव्हां कोठें लाटांचें दर्शन व्हावयाचें. असें असतांही अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशीं माझ्या मामांच्या घरीं समुद्राचा एक लहानसा तुकडा नांदत आहे. चार फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच अशा कांचेच्या हौदांत नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेल्या माशांची एक जोडी, पांचसात समुद्री गोगलगाई आणि लांब पांढऱ्या मिशांची एक तांबडी कोळंबी, एवढें त्यांचें कुटुंब होतें. खडक मात्र बाजारांतून कोरडे आणलेले. आपल्या किनाऱ्यावरील प्रवाळास वन्यजीव संरक्षण कायद्यानें २००१ सालापासून वाघाच्या पंक्तीस बसविलें आहे. त्यास हात लावावयाचा नाहीं, हा मामांचा दंडक.

घरीं आलेल्या पाहुण्यास मासे दाखविण्यापूर्वी मामा मेजाखालचे नळ दाखवीत. मामींना याचा फार कंटाळा येई. पण सांडवा हा शब्द आम्हां सातारा-सांगलीकडील मुलांस नवा नाहीं. कोयनेच्या सांडव्यावरील सहा दरवाजे किती फूट उचलले, ही चौकशी पावसाळ्यांत आमच्या सांगलीच्या घरीं रोज पंचांगासारखी होते. म्हणून मी तरी मन लावून ऐकत असें.

हौदाच्या कोपऱ्यांत कांचेची एक उभी पेटी असून तिच्या वरच्या काठास फणीसारखे दांते आहेत. पंपानें वर आलेलें पाणी हौदांत मावेनासें झालें कीं दांत्यांमधून या पेटींत सांडतें. मासे मात्र अडतात. पेटींतून दोन नळ मेजाखालच्या दुसऱ्या हौदांत उतरतात. पहिला नळ सदैव पाण्यानें तुडुंब भरलेला असावा लागतो. त्यांत हवा शिरली कीं घरघर सुरू होते. त्यासाठीं त्यास खालीं एक झडप आहे, आणि ती किती उघडी ठेवावयाची हें मामा कानांनीं ठरवीत. घरघर थांबली कीं त्यांचा हात थांबे. दुसरा नळ राखीव. त्याचें तोंड पेटींतील पाण्याच्या जरा वर. एरव्हीं त्यांतून थेंबही जात नाहीं. परंतु एखादी गोगलगाय पहिल्या नळांत जाऊन बसली तर पेटींतील पाणी चढतें, दुसऱ्या नळांत धो धो पडूं लागतें, आणि त्या आवाजानें घर जागें होतें. महिन्यांतून एकदां मामा दोन्ही नळ आटे फिरवून सोडवीत, पाणी मिसळलेल्या व्हिनिगरमध्यें बुडवून ठेवीत आणि लांब ब्रशानें घांशीत. जो नळ कामच करीत नाहीं तो कशाला धुवावयाचा, असें मीं एकदां विचारलें.

“अरे, चालत्या नळाची तक्रार ऐकूं तरी येते,” मामा म्हणाले. “ह्याची कोठें येते?”

पाणी पुन्हां वर नेणारी नळी निराळी. तिचें तोंड हौदांत पाण्याखालीं बुडालेलें असतें. वीज जाऊन पंप थांबला कीं हीच नळी उलट पाणी खालीं ओढूं लागते. डब्यांतील रॉकेल नळी लावून काढतात, तसाच प्रकार. हें थांबावें म्हणून पाण्याच्या पृष्ठभागालगत तिला एक बारीक छिद्र पाडलेलें असतें. पाणी छिद्राखालीं उतरलें कीं हवा आंत शिरते आणि ओढ तुटते. पण खडकांवर चढणारें कठीण गुलाबी शेवाळ तें छिद्रही बुजवितें. याकरितां मामांनीं एक जाड सुई दोऱ्यानें बांधून ठेविली होती.

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठीं मामा पुण्यास गेले आणि आठ दिवस हौद माझ्या स्वाधीन झाला. मीं दांते पुसले, नळांवरील मिठाची पापडी काढली, माशांस वेळेवर खाऊं घातलें. सुईस मात्र हात लाविला नाहीं. खरें सांगावयाचें तर मला तिचें विस्मरण झालें नव्हतें. बाहीं वर करून पाण्यांत हात घालण्याचा आळस केला.

पांचव्या रात्रीं वळीव आला आणि वीज गेली. कांहीं वेळानें तहान लागली म्हणून उठलों, तों पाय पाण्यांत पडला. ऑगस्ट २०१९ मध्यें मी तिसरींत होतों. आयर्विन पुलाशीं धोक्याची खूण ४५ फुटांची, आणि कृष्णा त्या वेळीं ५७ फुटांच्याही वर गेली होती. अंधारांत पायास लागलेलें पाणी तेव्हांपासून मला सोसत नाहीं. क्षणभर मी सातारा विसरून नदीचाच आवाज ऐकूं लागलों.

हिशेब मागाहून केला. हौदांतील पाणी एक सेंटिमीटर उतरलें कीं ५.४ लिटर खालीं येतें. नळीचें तोंड दहा सेंटिमीटर खोल. म्हणजे ५४ लिटर खालीं आलें. खालच्या हौदांत जागा तीस लिटरांची. उरलेलें चोवीस लिटर फरशीवर.

मामी गाढ झोपल्या होत्या. मीं कोणास हांक मारली नाहीं. फडक्यानें पाणी टिपलें, बादल्या मोरींत ओतल्या. पहांटे वीज आली तेव्हां खालच्या हौदांत मामांनीं सांठविलेलें शुद्ध पाणी भरलें. तें अर्ध्यांतच संपलें, म्हणून बाकीचें मोरीच्या नळाचें घातलें. खूण बरोबर जुळली. मला वाटलें, झालें.

दुसऱ्या दिवशीं कोळंबी खडकामागें आडवी पडलेली दिसली.

मामा आले, डोळ्यांवर काळा चष्मा. ऊन फार होतें, पाणी आटलें म्हणून मीं भरलें, असें मीं सांगितलें. त्यांनीं कांहीं न बोलतां क्षारमापकावर एक थेंब ठेविला आणि तें यंत्र माझ्याच हातीं दिलें, कारण त्यांस स्वतःला वाचतां येत नव्हतें. दर हजारी ३५ असावयाचे ते ३२ भरले.

“पाणी आटतें तेव्हां मीठ मागें राहतें,” मामा शांतपणें म्हणाले. “मग भरलेल्या पाण्यानें आंकडा पूर्वीचाच यावयास हवा. किती सांडलें?”

चोवीस लिटर, मीं म्हटलें. आणि मोरीच्या नळाचेंही सांगितलें. त्या पाण्यांत क्लोरीन असतें, आणि क्षारांतील असा एकाएकीं झालेला बदल कोळंबीस सोसत नाहीं, हें मला तेव्हां कळलें. मामी दारांतून म्हणाल्या, फरशी वाळल्यावर पांढरा थर उठला तेव्हांच त्यांस समजलें होतें. पण पोर आपण होऊन सांगेल म्हणून त्या थांबल्या होत्या. मामांच्या प्रश्नापेक्षां तें वाक्य मला अधिक लागलें.

त्या सायंकाळीं त्यांनीं माझ्याकडून छिद्र मोकळें करविलें. सुई शिरेना, शेवाळ दगडासारखें झालें होतें.

आतां सांगलीस माझाही दोन फुटांचा हौद आहे. कोळंबी मीं अद्याप आणलेली नाहीं. गेल्या आठवड्यांत रात्रीं वीज गेली. मी उठून हौदाशीं गेलों व कान लावून उभा राहिलों. पाणी जरासें उतरलें, छिद्रांतून हवेचा बारीक सुस्कारा आला, आणि सर्व कांहीं स्तब्ध झालें. तरीही खालीं वांकून मीं फरशीवरून एकदां हात फिरविला.