पहिला पाय पोकळ

"ब्रेक लागत नाही असे नाही. पहिला पाय पोकळ जातो," असे बाबा म्हणाले, तेव्हा आम्ही दोघा भावांनी एकमेकांकडे पाहिले. बाबांचे वय 78. कोपरीच्या पुलावरून उतरताना त्यांची गाडी पुढच्या रिक्षाला मागून टेकली होती. कुणाला लागले नाही, रिक्षावाल्यानेही वय पाहून सोडून दिले. पण गाडीची किल्ली बाबांकडून कशी काढून घ्यावी, याची खलबते आम्ही त्या रात्री गॅलरीत उभे राहून केली. आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलेला माणूस 'पोकळ' म्हणतो, तेव्हा तो पेडलबद्दल नव्हे, स्वतःच्या वयाबद्दल बोलत असणार, असा अर्थ आम्ही लावला. शब्दांमागचे अर्थ शोधायची सवय आम्हाला त्यांनीच लावलेली.

खात्री करावी म्हणून आम्ही गाडी मीठबंदर रस्त्यापर्यंत नेऊन आणली. निघण्यापूर्वी पेडल तीन-चारदा दाबून पाहिले. ब्रेक उत्तम लागत होता. म्हणजे दोष पायाचा, असे ठरले.

पुढच्या रविवारी सकाळी, रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत बसून धाकट्याने सहज एकदाच पाय दाबला. पेडल मऊपणे खाली गेले. दुसऱ्यांदा दाबले तर वर, तिसऱ्यांदा घट्ट.

साहित्याचे विद्यार्थी ज्या पास्कलला 'पांसे'मुळे ओळखतात, त्याचाच नियम इथे कामाला येतो. (द्रवांवरचा त्याचा ग्रंथ 1663 मध्ये आणि 'पांसे' 1670 मध्ये, म्हणजे दोन्ही त्याच्या मृत्यूनंतरच छापले गेले.) बंदिस्त द्रवावर एका जागी दिलेला दाब सर्वत्र सारखा पोहोचतो. पायाचा जोर मास्टर सिलिंडरमधून ब्रेक ऑइलमार्फत चाकांपर्यंत जातो तो त्यामुळेच. द्रव जवळजवळ दबत नाही, हवा मात्र दबते. नळीत बुडबुडा अडकला की पहिला जोर त्याला चेपण्यातच खर्ची पडतो. पुन्हापुन्हा दाबले की आणखी ऑइल पुढे ढकलले जाते, उणीव तात्पुरती भरते आणि पेडल घट्ट लागते. तीन-चारदा दाबून आम्ही पुरावाच पुसून टाकला होता. रस्त्यावर अचानक थांबायचे असते, तेव्हा माणसाला पहिलाच पाय मिळतो.

महिन्यापूर्वी मागच्या चाकाचा सिलिंडर बदलला होता, तेव्हा शिरलेली हवा पुरती निघाली नसावी. गॅरेजला नेऊ या, असे आम्ही म्हणालो. "ब्रेक नसलेली गाडी नेणार कशी?" बाबांनी विचारले. हे काम त्यांनी तरुणपणी अनेकदा केलेले. तेव्हा सोसायटीच्या आवारातच आम्ही चाकांना विटा लावल्या, जॅकखाली भरवशाचे टेकू दिले आणि आधी कुठे गळती नाही ना, ते तपासले. गळती असती तर नुसती हवा काढून उपयोग नव्हता.

बाबा पेडलवर, धाकटा चाकाशी, थोरला बॉनेटपाशी. सुरुवात मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या, म्हणजे मागच्या डाव्या चाकापासून. निपलवर पारदर्शक नळी चढवली आणि तिचे दुसरे टोक बाटलीतल्या थोड्या ऑइलमध्ये बुडवले. "दाबा." बाबा तीन-चारदा दाबत. "धरा." ते धरून ठेवत. निपल जरासा सैल केला की नळीतून काळपट ऑइल आणि बुडबुडे येत, पेडल तळाला जाई. निपल पुन्हा आवळल्यावरच "सोडा" म्हणायचे. त्याआधी पाय उचलला तर हवा उलटी आत ओढली जाते. पेडलवरच्या माणसाला बुडबुडे दिसत नाहीत, त्याने फक्त शब्दावर विश्वास ठेवायचा. चारही चाके होईपर्यंत बाबांचा पाय एकदाही आधी उचलला गेला नाही. चूक झाली ती आमची. गप्पांच्या नादात वरच्या डबीतले ऑइल तळाला गेले, नव्याने हवा शिरली आणि सारे पहिल्यापासून करावे लागले. बाबा काही बोलले नाहीत.

पलीकडून लोकल जात होत्या. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून पहिली प्रवासी गाडी या ठाण्यात आली. आजच्या लोकलचे ब्रेक दाबलेल्या हवेवरच चालतात. हवा दोषी नसते, तिची जागा चुकलेली असते. आपल्या भाषेत टायरची हवा काढणे ही खोडी आणि माणसाची हवा काढणे हा पाणउतारा. दुसरा प्रकार आम्ही आठवडाभर करत होतो.

शेवटी नळीतून नुसते स्वच्छ ऑइल येऊ लागले. पेडल पहिल्याच पायाला वर आणि घट्ट लागले. आवारात अगदी हळू दोन फेऱ्या मारून ते पुन्हा पाहिले. रंगावर सांडलेले ऑइल लगेच पाण्याने धुतले, कारण ते रंग खाते.

किल्ली अजून बाबांकडेच आहे. डोळे तपासायला त्यांना पुढच्या आठवड्यात न्यायचे आहे. वयाचा प्रश्न खोटा नाही, पण तो वेगळा आहे आणि तो त्यांच्यासमोर बसूनच विचारायचा. त्या दिवशी आम्ही क्षमा मागितली, तेव्हा हात पुसता पुसता ते एवढेच म्हणाले, "अरे, मी उपमा दिली नव्हती. वर्णन केले होते."