भिंतीवरची द्रौपदी

बेलपाड्याच्या आमच्या घरात पाऊल टाकले की समोरच्या भिंतीवर एक जुना फोटो दिसतो. नऊवारी नेसलेली, नाकात नथ घातलेली द्रौपदी. नवखा पाहुणा हमखास विचारतो, "ही कोण?" मग बाबा हसत सांगतात, "ही बाई नव्हे, हे माझे वडील!" आजोबा तरुणपणी गावच्या नाटकात स्त्रीपार्ट करीत. पाहुणा थक्क होतो. बाबांना कोण अभिमान वाटतो!

आम्हा आगऱ्यांच्या लग्नात धवलारणीचा मान मोठा. प्रत्येक विधीला ती धवले गाते. हे काम बायकांचे. पण माझा धाकटा भाऊ लहानपणापासून आजीला चिकटून बसे आणि त्याला धवले तोंडपाठ झाले. गेल्या वर्षी चुलत बहिणीच्या हळदीला त्याने केसांत गजरा माळला, खांद्यावरून आजीची ओढणी घेतली आणि धवलारणींच्या शेजारी बसून तो गाऊ लागला. आजी म्हणाली, "गला गोर हाय पोराचा!" इतक्यात मांडवातून कुणीतरी शीळ घातली. बाबा तरातरा आले. त्यांनी गजरा ओरबाडला आणि सर्वांदेखत त्याच्या थोबाडीत मारली.

त्या वेळी मी काय केले? मी हसले. सगळे हसत होते म्हणून मीही हसले.

बाबा दुष्ट नाहीत. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि नव्या मुंबईसाठी आमच्यासारख्यांची शेते गेली. आता तर १७ नोव्हेंबर २०२३ पासून मेट्रोच्या एका स्थानकाला 'बेलपाडा' हे नाव आहे; पण ज्या जमिनीवरून गाव ओळखले जाई ती उरली नाही. उरले घराचे नाव, आणि ते एकुलत्या एका मुलाने चालवायचे. गावकीत कुणी बोट दाखवील ही भीती बाबांना झोपू देत नाही. म्हणून त्यांनी भावाला व्यायामशाळेत घातले. तो मुकाट्याने जातो. गाणे मात्र त्याने सोडले.

मला राहून राहून बालगंधर्व आठवतात. नारायण श्रीपाद राजहंस (१८८८–१९६७) रंगभूमीवर आले की घरंदाज बायका त्यांची साडी नेसण्याची तऱ्हा न्याहाळत आणि घरी तशीच साडी नेसत. १९६४ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. म्हणजे पुरुषाने साडी नेसण्याचे आपल्याला वावडे नाही. पडदा पडल्यावर ती उतरवली पाहिजे, एवढीच आपली अट! जो उतरवू शकत नाही त्याचे काय? पुण्याच्या एका पोलीस अधिकाऱ्याच्या घरी जन्मलेल्या गौरी सावंत यांना घर सोडावे लागले. ठाण्याच्या लक्ष्मी त्रिपाठी यांना मात्र आईवडिलांनी घरातच ठेवले. त्यांचे 'मी हिजडा... मी लक्ष्मी!' हे आत्मकथन आपल्या मराठीतच आहे. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की आपली लिंगओळख ठरविण्याचा हक्क ज्याचा त्याला आहे. पण मुलाला घरात जवळ घ्यायचे ते आईबापांनीच. ते काम कोणतेही न्यायालय करू शकत नाही.

माझा भाऊ पुढे कोण होईल, मला ठाऊक नाही. कदाचित त्यालाही अजून उमगले नसेल. कदाचित त्याला फक्त गायचे असेल. ते समजून घ्यायलाही त्याला आधी निर्धास्त श्वास घेता आला पाहिजे.

परवा रात्री गच्चीवर मी त्याची क्षमा मागितली. बराच वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, "बाबांनी मारलं त्याचं एवढं नाही गं ताई. तू हसलीस ते लागलं."

येत्या वैशाखात घरात पुन्हा लग्न आहे. तो गायला बसला तर मी त्याच्या शेजारी बसणार आहे. बाबा आलेच, तर त्यांना हात धरून भिंतीवरच्या त्या फोटोपुढे नेईन आणि विचारीन, "बाबा, यांना तुम्ही मारलं असतं का?"

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला