वासे, विहीर आणि वाटा

घर फिरले की घराचे वासेही फिरतात ही म्हण संसार मोडण्याच्या प्रसंगी सहज ओठांवर येते, पण ती तिथे नीट बसत नाही. वासा म्हणजे छपराचा भार पेलणारी दांडी, जिचे एक टोक आढ्यावर, म्हणजे छपराच्या मधल्या उंच लाकडावर, आणि दुसरे भिंतीवर टेकलेले असते. म्हणीतले वासे पाठ फिरवतात. घटस्फोटात मात्र वासे, आढे, भिंती जागच्या जागी राहतात आणि त्या छपराखाली वर्षानुवर्षे राबलेली बाई तेवढी बाहेर पडते. तिला तिच्या वाट्याचा वासा काढून दिला, तरी हाती लाकूड येते, छप्पर येत नाही, आणि मागे उरलेले छप्परही खचते. तेव्हा चूक म्हणीची की वाटणीच्या कल्पनेची, हे ठरवणे कठीण होते.

संगमनेर तालुक्याला वाटणीची विद्या ठाऊक नाही असे म्हणता येणार नाही. भाऊ वेगळे होतात तेव्हा बांध, वहिवाटीचा रस्ता, बांधावरचे आंब्याचे झाड, इतकेच नव्हे तर एकाच विहिरीचे पाणीही वाटले जाते. ज्याची पाळी, म्हणजे उपशाचा ठरलेला वार, त्याचीच मोटार चालते आणि विहिरीतला हिस्सा सातबाऱ्यावर चढतो. वीज रात्रीची असेल तर पाळी वारांवर धरावी की विजेच्या तासांवर, याचाही खल होतो. पाणी वाटू शकणाऱ्या या शहाणपणाला गोठ्यातले कष्ट का मोजता येऊ नयेत? शेण ती काढते, चारा ती कापते, धारा ती काढते. दुधाचा पगार मात्र डेअरीत ज्याचे खाते त्याच्या नावावर जमा होतो.

महाराष्ट्रात लागू असलेल्या मिताक्षरा परंपरेत बाप-लेकांची वाटणी झाली तर पत्नीला मुलाइतका हिस्सा मिळतो, पण ती स्वतः वाटणी मागू शकत नाही, आणि नवऱ्यापासून वेगळी होताना तर हा हिस्साही नाही. हिंदू विवाह कायदा, 1955 मधील कलम 25 पोटगी देते; कलम 27 लग्नाच्या सुमारास मिळालेल्या सामाईक वस्तूंपुरतेच आहे. पत्नीला नवऱ्याच्या स्थावर मालमत्तेत वाटा देऊ पाहणारे विधेयक राज्यसभेने 2013 मध्ये संमत केले, पण त्याचा कायदा झाला नाही. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी संहितेनुसार, लग्नाआधी वेगळा करार नसेल तर, मालमत्ता दोघांची निम्मी-निम्मी असते.

ते निम्मे न्याय्य वाटते खरे. पण घर सासऱ्यांचे, जमीन एकत्र कुटुंबाची आणि नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर फक्त सोसायटीचे पीककर्ज, अशा संसारात निम्मे करायचे ते कशाचे? भावांची पाळी निभते, कारण वाटणीनंतरही ते त्याच विहिरीवर भेटणार असतात. बाईला बहुधा गावच सोडावे लागते. तिला एकरकमी पैसे द्यायचे तर एखादा एकर विकावा लागेल, आणि तो उद्या तिच्याच मुलाचा आहे. त्याच्यासाठी तिने हक्क सोडला, तर तो तिने राजीखुशीने सोडला असे मानावे, की तिच्या वाट्याचे जे होत आले तेच पुन्हा झाले असे मानावे?