अशुद्धीची स्मृती

शुद्ध स्फटिकाचे विज्ञानाला असलेले आकर्षण जुने आहे आणि ते रास्तही आहे, कारण ज्या पदार्थात प्रत्येक अणू नेमलेल्या जागी बसलेला असतो, त्याचेच नियम आधी हाती लागतात. फ्रान्समधील ग्रेनोब्ल येथे बेर्तो आणि फोरा यांनी 1956 मध्ये जगापुढे आणलेला यिट्रियम-लोह गार्नेट हा असाच जवळजवळ आदर्श पदार्थ होय. त्याची अणुरचना तामड्याच्या खड्याचीच असते. मात्र त्याच्या प्रत्येक सूत्रात लोहाचे पाच आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, असतात. त्यांपैकी तिघांभोवती प्रत्येकी चार आणि दोघांभोवती प्रत्येकी सहा ऑक्सिजन असतात. या दोन गटांचे चुंबकत्व परस्परविरुद्ध दिशांना असल्यामुळे बहुतेक बळ आपसांतच खर्ची पडते आणि उरलेल्या एका आयनाएवढे चुंबकत्व बाहेर जाणवते.

चुंबकत्वामुळे प्रकाशाचे ध्रुवणप्रतल, म्हणजे त्याच्या कंपनाचे प्रतल, वळते हे फॅराडे यांनी 1845 मध्येच दाखविले होते. प्रकाशाने चुंबक वळेल काय, हा उलटा प्रश्न मात्र फार अवघड ठरला. शुद्ध गार्नेट अवरक्त प्रकाशाला जवळजवळ पारदर्शक असल्याने प्रकाश त्यातून काहीही न बदलता निघून जातो. शोषण नाही, म्हणून टिकाऊ परिणामही नाही.

ही कोंडी फुटली ती भेसळीमुळे. टील आणि टेम्पल यांनी 1967 मध्ये सिलिकॉन मिसळलेल्या गार्नेटवर थंड अवस्थेत प्रकाश टाकला, तेव्हा त्याची विषमदिकता, म्हणजे काही ठरावीक दिशांकडे चुंबकत्वाचा असलेला ओढा, बदललेली आढळली. सिलिकॉनचा आयन लोहाच्या आयनापेक्षा एका धनभाराने अधिक असतो, आणि भारांचा समतोल राखण्यासाठी एखाद्या लोह आयनाला एक जादा इलेक्ट्रॉन सांभाळावा लागतो. सहा ऑक्सिजनांच्या वेढ्यातील प्रत्येक जागेला घनाच्या चार कर्णांपैकी एकाचा अक्ष लाभलेला असल्यामुळे, तो इलेक्ट्रॉन कोठे राहतो यावर चुंबकत्वाचा कल अवलंबून राहतो. प्रकाश या इलेक्ट्रॉनाला एका जागेवरून दुसरीवर नेतो. थंडीत त्याला परतण्याइतकी ऊर्जा मिळत नाही, आणि पदार्थ तापविला की ही नवी मांडणी पुसली जाते.

या घटनेचे खरे मोल तिच्या उपयोगाहून मोठे आहे. सर्व जागा तंतोतंत सारख्या असतील, तर इलेक्ट्रॉन येथे असो वा तेथे, त्याने काहीच फरक पडत नाही. जागांमध्ये भेद निर्माण झाला, तरच घडून गेलेल्या गोष्टीची खूण पदार्थात उरू शकते. परिपूर्ण स्फटिकाला भूतकाळ नसतो, आणि तो त्याला मिळतो एका परक्या अणूच्या प्रवेशाने. अशुद्धीला केवळ दोष मानण्याची सवय येथे सोडावी लागते.

पोलंडमधील ब्याविस्तोक आणि नेदरलँड्समधील नायमेगेन येथील संशोधकांनी 2017 मध्ये याच विचाराला विलक्षण वेग दिला. त्यांच्या पातळ गार्नेटपटलात दर 39 लोह अणूंमागे 1 कोबाल्ट होता. 1300 नॅनोमीटरच्या आसपासच्या तरंगलांबीचे, रेषीय ध्रुवण असलेले लेझरचे एकच स्पंदन कोबाल्टमधील इलेक्ट्रॉनांना नेमके उत्तेजित करते, त्यामुळे चुंबकत्वाचा सोयीचा अक्ष क्षणभर सरकतो, आणि चुंबकत्व त्या नव्या अक्षाभोवती फिरत दुसऱ्या स्थिर दिशेला जाऊन बसते. ध्रुवणाची दिशा बदलली की 0 च्या जागी 1 लिहिता येतो. लिहिण्या-वाचण्याची ही सारी क्रिया 20 पिकोसेकंदांच्या आत आटोपते, आणि एका सेकंदात असे एक लाख कोटी पिकोसेकंद मावतात. तेही सामान्य तापमानाला आणि बाहेरील चुंबकीय क्षेत्राविना.

त्याहून महत्त्वाची गोष्ट उष्णतेची. धातूच्या पटलांवर लेझरने लिहिताना पदार्थ चांगलाच तापतो, कारण तेथे प्रकाशाची ऊर्जा मुक्त इलेक्ट्रॉनांच्या गर्दीत विखुरते. येथे उष्णतेचा भार दर घन सेंटिमीटरला 6 ज्यूलपेक्षा कमी राहिला. मात्र भिंगाने एकवटलेला प्रकाश साधारणपणे आपल्या तरंगलांबीहून फारसा लहान ठिपका करू शकत नाही, आणि आजच्या हार्ड डिस्कवरील चुंबकीय खूण त्याहून कितीतरी पट लहान असते. तेव्हा हे पटल अजून स्मृतिसाधन झालेले नाही. पण प्रकाशाने चुंबक वळविण्यासाठी तो तापविलाच पाहिजे, ही समजूत त्याने कायमची मोडीत काढली आहे.