रॉड

जिमच्या कोपऱ्यातल्या बाकीच्या सगळ्या दांड्यांना काही ना काही नाव आहे. दंडासाठीचा वाकडा तो झिगझॅग, चार फुटी तो छोटू. याला मात्र नुसतं रॉड म्हणतात, आणि कोणता रॉड असं कुणी विचारत नाही.

बुऱ्हाणपूरच्या जुन्या वस्तीत, परकोटाच्या आतल्या एका लांबट तळमजल्यावर त्याचा मुक्काम असतो. लांबी 2.2 मीटर, वजन 20 किलो, कमरेला जेमतेम 28 मिलिमीटर. अंगावरचं क्रोम उडालेलं आहे. पकडीची खरखर मधोमध अजून शाबूत आहे, पण जिथं रोज पंजे बसतात तिथं दोन पट्टे गुळगुळीत होऊन चकाकतात. नवखा पोरगा हात कुठं ठेवायचे ते त्या पट्ट्यांवरूनच शिकतो. रिकामा रॉड फरशीवर लोळवला तर सरळ जात नाही, किंचित लंगडतो. कधीतरी एका टोकावर आदळल्याची ही खूण. तेव्हापासून डाव्या बाजूची, प्लेटा चढवायची नळी फिरताना कुरकुरते. जिमचे उस्ताद तिच्यात शिवणयंत्राचं तेल सोडतात. चार दिवस ती गप्प बसते, मग पुन्हा सुरू.

स्वभावानं तो मितभाषी आहे, पण मुका नाही. प्लेटा चढवून डेडलिफ्टला वाकलेल्या माणसानं हात ताणले की आधी एक बारीक ‘टक्’ येतो. प्लेटेचं भोक आणि नळी यांच्यात जी सैल जागा असते ती भरल्याचा तो आवाज. ही त्याची ‘हो’ म्हणायची पद्धत. तो आवाज ऐकून मग उचलणाऱ्याला तो गुमान वर जाऊ देतो. टक् न ऐकता हिसका मारणाऱ्याच्या कमरेला तो तिथल्या तिथं समज देतो. माणूस मिलचा की कॉलेजचा, मोमीनपुऱ्याचा की लालबागचा, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. शंभर किलो म्हणजे सगळ्यांना शंभरच.

उचलण्याबद्दल या जिममध्ये दुमत नाही. भांडण होतं ते वर गेलेला रॉड खाली कसा यावा यावरून.

एक पक्ष पटकणाऱ्यांचा. गुडघे-कंबर सरळ झाली, काम झालं, आता हात मोकळे करा, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या डोळ्यांसमोर मोबाइलवर पाहिलेलं वेटलिफ्टिंग असतं. सांगलीचा संकेत सरगर 2022 मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 55 किलो गटात एकूण 248 किलो उचलून रौप्यपदक घेऊन आला, तेव्हा त्याच्या क्लिपा इथं महिनोन् महिने फिरल्या. सुवर्ण एका किलोनं हुकलं होतं, दुसऱ्या क्लीन अँड जर्कला कोपर दुखावलं होतं. तिथं वजन डोक्यावरून खाली सोडतात हे पोरांनी बरोबर टिपलं. मात्र त्या खेळाच्या नियमात रॉड खांद्याच्या खाली येईपर्यंत पकड सोडता येत नाही, आणि खाली लाकूड-रबराचा मंच नि रॉडला 45 सेंटिमीटर व्यासाच्या रबरी प्लेटा असतात, हे क्लिपेत कुणी सांगत नाही. डेडलिफ्ट तर त्या खेळात नाहीच. ती पॉवरलिफ्टिंगमधली, आणि तिथला कायदा उलटा आहे. मुख्य पंच हात खाली करून ‘डाऊन’ म्हणेपर्यंत स्थिर उभं राहायचं, मग रॉड दोन्ही हातांच्या ताब्यात ठेवून जमिनीपर्यंत न्यायचा. तळवे मधेच उघडले की तांबडा दिवा. उचललेलं सगळं पाण्यात.

इथल्या प्लेटा निव्वळ लोखंडाच्या, खाली फरशी, आणि फरशीवर ट्रकच्या जुन्या टायरचे कापलेले तुकडे. अर्ध्या मीटरवरून सुटलेला रॉड जमिनीला टेकतो तेव्हा ताशी 11 किलोमीटरच्या वेगात असतो. हा वेग कुठंतरी जिरवावा लागतो. रबर दोन सेंटिमीटर दबलं तर धक्का सावकाश जिरतो. लोखंड-फरशीच्या गाठीत तेच दोन मिलिमीटरांत उरकायचं, म्हणजे सरासरी दहापट जोराचा दणका. तो वाटून घेतात फरशी, प्लेट आणि हा. त्यातही दोन्ही बाजू एकदम टेकल्या तर ठीक. सहसा एक बाजू केसभर आधी टेकते आणि सगळं तिच्यावर येतं. डावी नळी उगाच नाही कुरकुरत.

बाहेर भिंतीवर पाटी आहे, ‘वजन पटकना मना है’. शेजारच्या घरात पॉवरलूम चालतात. त्यांची खटखट सकाळपासून रात्रीपर्यंत सुरू असते आणि गल्लीत कुणालाही ती ऐकू येत नाही. थांबली तरच लोक दाराशी येऊन वीज गेली का विचारतात. पण रॉड पडला की वरच्या मजल्यावरच्या काकू खिडकीतून ओरडतात, “अरे भाऊ, मांडणीवरचे डबे पडतात ना!” बुऱ्हाणपूरच्या कानाला आवाजाचं वावडं नाही. त्याला अवचित आलेला आवाज सोसत नाही. उस्तादांचा ठरलेला विनोद असतो, “जोरात टाक, म्हणजे कुंडी भंडाऱ्याचं पाणी हलेल.” मोगल सरदार खानखानाच्या काळातली ती भुयारी पाणीवाट शहराबाहेर आहे, पण चारशे वर्षं टिकलेल्या गोष्टीचं नाव काढलं की पोरं थोडी वरमतात.

दुसरा पक्ष ठेवणाऱ्यांचा. त्यांच्यातही एक अतिरेकी शाखा आहे. कुठंतरी वाचलेलं असतं की खाली येतानाही स्नायू राबतो. खरंच आहे ते, ताणत ताणत वजन सोसणं ही मेहनतच. म्हणून ही मंडळी जिवापाड वजन उचलतात आणि मनात पाच आकडे मोजत उतरवतात. चौथ्याला पाठीची कमान होते. आपल्या ताकदीच्या टोकाचं वजन इतकं रेंगाळत खाली आणण्यात मला तरी शहाणपणा दिसत नाही. ती हौस हलक्या वजनावर भागवावी. रॉडलाही अशा लोकांची धास्ती वाटत असावी, कारण अखेर तो पडतो तो त्यांच्याच हातून, आणि वाकडा.

त्याला आवडतो तो उस्तादांचा जुना चेला. लूमची पाळी संपवून येतो, केसांत सुताची कुसळं असतात, येताना दोन केळी खाल्लेली असतात. उतरवताना तो आधी गुडघे वाकवत नाही. कंबर मागं ढकलतो, रॉड मांडीला घासत सरकतो, गुडघ्याची वाटी ओलांडली की मगच पाय वाकतात. जे आधी गुडघे वाकवतात त्यांचा रॉड वाटीवर आपटतो, हे इथं प्रत्येकानं एकदा तरी अनुभवलंय. कमरेवरची भरलेली घागर ओट्यावर ठेवणारी बाई टाकतही नाही आणि रेंगाळतही नाही, तसा त्याचा हात. वेग असतो, पण हात शेवटपर्यंत रॉडवर असतो. प्लेटा टेकतात तेव्हा धप्प असा एकच आवाज येतो, काकूंची खिडकी बंदच राहते. मग तो क्षणभर थांबतो. पुढची उचल फरशीवरच्या उसळीवर काढत नाही. उसळीवर काढलेल्या उचली रॉड मोजत असेल असं वाटत नाही. ती फरशीची मेहनत.

आणि तरी, टाकण्याची वेळ असते. पाठीत चमक भरली, पकड घसरली, डोळ्यांपुढं काजवे चमकले, तर सरळ सोडून द्यावं आणि पाय मागं घ्यावेत. 2016 मध्ये इंग्लंडच्या एडी हॉलनं 500 किलो उचलले तेव्हा तो खाली ठेवताच शुद्ध हरपून कोसळला होता. रॉड ढिगानं मिळतात, कंबरा नाहीत, हे उस्ताद सांगतात. फक्त रिकामा रॉड टाकायला त्यांची कधीच परवानगी नसते. प्लेटा नसल्या की सगळा मार थेट नळ्यांवर बसतो.

आखाड्याची पोरं अजून यालाही हात लावून कपाळाला लावतात. जेजुरीला दसऱ्याला 42 किलोंचा खंडा उचलणारे त्याला भिरकावत नाहीत, नालवाला पहिलवान नाल मातीत टाकतो पण मातीच ती, धक्का पोटात घेते. फरशीचं तसं नाही. म्हणून यंदा दिवाळीनंतर उस्तादांनी वर्गणी काढून रबरी प्लेटांची एक जोडी आणली, 20-20 किलोंची. पैसे तेवढेच जमले. जोडी आल्यापासून पटकणाऱ्यांना ती हवी असते, ठेवणाऱ्यांनाही हवी असते, आणि संध्याकाळी साताच्या गर्दीत तिच्यासाठी नंबर लागतात. उस्तादांनी वहीत नवा नियम लिहिलाय. रबरी जोडी चढवलेली असेल तरच सोडायची मुभा, आणि त्या जोडीच्या बाहेर लोखंडाची एकही प्लेट नको. म्हणजे टाकायचं असेल तर रॉडसकट साठच किलो. साठ किलो टाकून मिरवायला मात्र अजून कुणी तयार होत नाही.